आयसीयू की घर? काकांच्या आजारपणातले दोन डॉक्टर

पंचवटीतल्या आमच्या काकांचा कॅन्सर यकृतात पसरला, तेव्हा दोन डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या.

एक म्हणाले, "आयसीयूत ठेवू." म्हणजे व्हेंटिलेटर, नाकातून नळी, भेटायला दहा मिनिटं. मूळ आजार तसाच राहणार, हे आम्ही विचारल्यावरच कळलं.

दुसऱ्यांनी घर सुचवलं. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध (मॉर्फिननं बद्धकोष्ठ हटकून होतं), ओल्या कापसानं ओठ पुसणं, कूस बदलणं. पहिल्यांना मॉर्फिनचीच धास्ती: व्यसन लागेल, श्वास थांबेल. वेदना बघत डोस हळूहळू वाढवला तर सहसा तसं होत नाही. निरुपयोगी उपचार थांबवणं म्हणजे दयामरण, हाही डॉक्टरांतला जुना घोळ. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लिव्हिंग विल (शेवटी कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणं) मान्य केलं, २०२३ मध्ये अटी सैल केल्या. ते करायला आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात.

घर सोपं नाही. रात्री दोनला धाप लागली की फोन उचलणारा डॉक्टर हवा. तरी माझा कौल घरालाच. शेवटच्या आठवड्यात काकांनी चमचाभर चहा मागितला, वर "साखर कमीए" म्हणाले.