स्विमिंग पूलचं कुंपण: घराची भिंत धरून तीन बाजूंनी का चारही बाजूंनी?

आवाराभोवती गडगा (दगडी भिंत) आहे ना सगळीकडे, मग पूलला वेगळं कुंपण कशाला, असं आम्हालापण वाटायचं. पण गडगा बाहेरच्या पोरांना अडवतो, घरातलं पोर मागच्या दारातनंच पाण्याकडे जातं. म्हणून खरा प्रश्न तेवढाच, घराची मागची भिंत चौथी बाजू धरायची का चारही बाजूंनी कुंपण घालून पूल घरापासून पूर्ण वेगळा करायचा. मी दोन्ही करून बघितलंय, आधी पहिलं, दोन वर्षांनी दुसरं.

नियम जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सूचनांत घराची भिंत चालते, पण पूलकडे उघडणाऱ्या दारांना अलार्म लावा किंवा पूलवर मोटरचं सेफ्टी कव्हर घाला म्हणतात. फ्रान्सच्या २००३ च्या कायद्यात तर कुंपण नको असेल तर नुसता पाण्यातला अलार्मपण चालतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये मात्र १ ऑगस्ट १९९० पासूनच्या पूलांना साधारणपणे घरापासून वेगळं करणारं कुंपणच लागतं.

तीन बाजूंचं स्वस्त पडतं आणि दिसायला छान, मागच्या व्हरांड्यात बसलं की पाणी समोर, मध्ये काही नाही. आम्ही दाराला अलार्म लावला आणि उन्हाळा निवांत गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि मागचं लाकडी दार फुगलं, ते नीट लागेचना, ढकलून ठेवलं तरी बोटभर फट राहायची, मग अलार्म दिवसभर वाजायचा, कपडे आत घ्यायला गेलं की वाजायचा, आई दुपारी झोपायची तेव्हा वाजायचा, शेवटी कोणीतरी तो बंदच केला आणि परत चालू करायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि आमची धाकटी, तेव्हा दोन वर्षांची, पूलच्या काठावर बसलेली माझ्या बहिणीला दिसली. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

चारही बाजूंच्या कुंपणाचा त्रास आहेच, नाही असं नाही. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत गेटचे स्प्रिंगवाले बिजागरे गंजतात आणि गेट आपोआप लागायचं थांबतं, म्हणून मी ३१६ ग्रेडचे स्टीलचे बसवले आणि पावसाआधी एकदा ते बघून घेतो. बाकी उंची चार फूट, उभ्या गजांमधली फट चार इंचाच्या आत, गेट पूलच्या उलट दिशेला उघडणारं. आणि बाहेरच्या बाजूला तीन फुटांपर्यंत खुर्ची, कुंडी, पंपाची पेटी काही नको, पोरं त्यावरनं चढतात.

तुमचं मागचं दार ॲल्युमिनियमचं सरकतं असेल, घरात लहान कोणी नसेल, तर तीन बाजूंचं कदाचित पुरेल, मी आग्रह नाही करणार. पण चवथीला भाचरं येणार असतील तर माझ्या मते चौथ्या बाजूच्या कुंपणाचा आणि गेटचा खर्च कराच.