वाळूत रोवायचा रॉड स्टँड: जाहिरातीत 3 मिलिमीटर, हातात सव्वा

किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांना, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांना, रॉड उभा ठेवण्यासाठी ‘हेवी ड्यूटी’ म्हणून जो रॉड स्टँड ऑनलाइन विकला जातो, त्यात लुबाडणूक होते ती जाडीत. जाहिरातीत लिहिलेलं असतं: अॅल्युमिनियमचा अँगल (काटकोनी पट्टी) 40 बाय 40 मिलिमीटर, जाडी 3 मिलिमीटर, लांबी 1 मीटर, गंज न चढणारे बोल्ट. पार्सल उघडल्यावर अँगल तसाच चकचकीत दिसतो, रुंदीही बरोबर भरते. जाडी मात्र जेमतेम सव्वा मिलिमीटर. फोटोत हा फरक कुणालाच दिसत नाही आणि विकणारा त्यावरच पैसे कमावतो.

तो पकडायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. रॉडची मूठ ज्यात बसते ती नळी सोडवा आणि नुसता अँगल काट्यावर ठेवा. वर लिहिलेल्या मापाचा अस्सल तुकडा साधारण 620 ग्रॅम भरतो. 1.2 मिलिमीटर जाडीचा 255 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त धातू गायब. ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याकडे काट्यावर ठेवलेल्या अँगलचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

लांबीतही खोट असते. ‘एकूण 1 मीटर’ म्हणताना वर आलेली नळीही धरलेली असते, अँगल निघतो 60 सेंटिमीटरचा. ओल्या, घट्ट वाळूत निदान 45 सेंटिमीटर पाय रुतायला हवा. मग नळी बसवायला उरतंच काय? आणि कमी रोवलं तर लाटा पायाभोवतीची वाळू उकरून नेतात, स्टँड हलू लागतो. भरती चढत असेल तेव्हा अस्सल स्टँडसुद्धा अधूनमधून मागे घेऊन नव्याने रोवावा लागतो.

पातळ अँगलचं काय होतं ते पाहा. 12 फुटी रॉड, पुढे शंभर-सव्वाशे ग्रॅम शिसं, तंगूसवर (गळाच्या दोरीवर) लाटांचा सततचा ताण. एवढं तो कसाबसा झेलतो. पण पाकटासारखा जोरकस मासा लागला आणि ड्रॅग, म्हणजे ताण आला की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक, आवळलेला असला की अँगल वाळूच्या वर जिथे मोकळा होतो तिथेच पिळवटतो आणि रॉड रिळासकट पाण्यात जातो. चार-पाचशे रुपयांच्या स्टँडपायी काही हजारांचं सामान गमवावं लागतं, म्हणून हे इतकं बजावून सांगतो आहोत.

बोल्टला चुंबक लावा. घट्ट चिकटला तर तो बहुतेक जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बोल्ट. खाऱ्या पाण्यात मुलामा जातो, बोल्ट गंजतो. चुंबक चिकटला नाही म्हणून चांगलं 304 प्रतीचं स्टेनलेस स्टील मिळालं असंही समजू नका; स्वस्त 202 प्रतीच्या स्टीललाही तो चिकटत नाही.

खरं तर सरकत्या खिडक्या बनवणाऱ्यांना माल देणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दुकानात असा अँगल वजनावर विकत मिळतो. सव्वा मीटर घ्या, खालचं टोक तिरकं कापून घ्या. 50 मिलिमीटरच्या जाड पीव्हीसी पाइपचा 40 सेंटिमीटर तुकडा 6 मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी बसवा. दोन्ही बोल्टांत वीतभर तरी अंतर हवं. खालचा बोल्ट नळीच्या आरपार जाऊ द्या, म्हणजे रॉडची मूठ त्यावर टेकेल. नळीचं तोंड खालून उघडंच ठेवा, वाळू आणि पाणी निघून जातं. रॉड ठेवला की ड्रॅग सैल करायला विसरू नका.

ऑनलाइनच घ्यायचा असेल तर पार्सल फोडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा. डिलिव्हरीला रोख पैसे दिले की पार्सल उघडेपर्यंत ते हातचे गेलेले असतात. तक्रार केल्यावर ‘परतावा देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा. खोट्या मालाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला. सोबत ऑर्डर क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हिडिओ आणि काट्यावरच्या अँगलचा फोटो तयार ठेवा. स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढा, कारण जाहिरातीतला मजकूर नंतर बदलता येतो.