ब्लूजसाठी पहिली गिटार: अकूस्टिक की इलेक्ट्रिक?

"आधी अकूस्टिक घे, बोटं तयार होतील, मग इलेक्ट्रिककडे वळ" हा सल्ला जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला मिळतो. कॉर्ड धरून गाण्याला साथ करायची असेल तर तो ठीक आहे. ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गायन-वादनशैली) शिकायचं असेल तर मात्र तो अनेकांची वाट चुकवतो, आणि त्याचं कारण तिसऱ्या तारेत आहे.

ब्लूजचा जीव ओढलेल्या स्वरात असतो. ए पट्टीतला अगदी सुरुवातीचा बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला स्वर, पाहा. तिसरी तार (सगळ्यात बारीक ती पहिली), सातवा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी), स्वर डी. अनामिका सातव्यावर, मधलं बोट सहाव्यावर, तर्जनी पाचव्यावर, तिन्ही त्याच तारेवर. अंगठा मानेच्या वरच्या कडेला टेकलेला. नुसत्या बोटांनी रेटायचं नाही. दाराची मूठ फिरवावी तसं मनगट फिरवायचं, म्हणजे तार छताच्या दिशेने सरकते आणि डीचा ई होतो. दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच ई आहे, तो वाजवून पडताळा घ्या. बहुतेकांचा बेंड थोडा उतरलेलाच राहतो, आणि कानाला सवय लागली की तो तसाच पक्का होतो.

संच पहिल्या तारेच्या जाडीवरून ओळखतात. इलेक्ट्रिकवर 0.009 किंवा 0.010 इंचाच्या संचात ही तिसरी तार साधी असते. अकूस्टिकच्या नेहमीच्या 0.012 च्या संचात तिच्यावर ब्राँझची गुंडाळी असते. गुंडाळी वजन वाढवते, पण ताण पेलते आतली बारीक तार; त्यामुळे तितकीच सरकवली तरी स्वर कमी चढतो, आणि मुळात ताणही जास्त. अर्ध्या स्वरापर्यंतच दमछाक होते. दोष तारेचा असतो, पण शिकणारा बोटांना कमकुवत ठरवून नाद सोडतो. हातात अकूस्टिकच असेल तर 0.011 चा संच लावा आणि सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. नुसत्या उतरवण्यानेच ताण साधारण 11 टक्के कमी होतो.

छोटा बेंड मात्र दोन्हीकडे जमतो. त्याच तारेवर पाचव्या फ्रेटला सी आहे, म्हणजे ए ला सा मानलं तर कोमल गंधार. तर्जनीने ती किंचित जमिनीकडे ओढायची, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध. ज्या पाच स्वरांत हे सगळं चालतं, ते म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचे स्वर हेच, त्यामुळे मींड ऐकलेल्या कानाला ही जागा लवकर सापडते.

आता अकूस्टिकची बाजू, आणि ती हलकी नाही. एकट्याने बसून पूर्ण संगीत उभं करायचं असेल तर तिला तोड नाही. अंगठा सहाव्या तारेवर चार मात्रा ठोकत राहतो, तळहाताची कड ब्रिजपाशी (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तारेवर टेकलेली, आणि वरच्या तारांवर बोटं धून वाजवतात. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने 1936 आणि 1937 मध्ये टेक्सासमध्ये जे ध्वनिमुद्रण केलं, ते असंच एकट्याच्या गळ्यावर आणि गिटारवर उभं आहे. दुसरा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स याचं 1941 मधलं मिसिसिपीतलं ध्वनिमुद्रणही अकूस्टिकवरचंच. 1943 मध्ये तो शिकागोला गेला आणि तिथल्या क्लबांच्या गोंगाटात आवाज पोचावा म्हणून इलेक्ट्रिककडे वळला. स्लाइड (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत) वाजवायची असली तरी अकूस्टिक चांगली. तारा थोड्या उंच असणं तिथे सोयीचंच.

शफल, म्हणजे ब्लूजचा झुलता ठेका, दोन्हीवर सारखाच शिकावा लागतो. पाचवी तार मोकळी, चौथी दुसऱ्या फ्रेटवर, मग अनामिकेने चौथ्यावर, सगळे ठोके वरून खाली. मेट्रोनोम 60 वर ठेवा आणि प्रत्येक ठोक्यात "धा धिं ना" म्हणा. धा आणि ना वाजवायचे, धिं सोडायचा. समान अंतराने वाजवलं की झोका जातो. अकूस्टिकवर हे लगेच खणखणीत वाजतं. इलेक्ट्रिकवर न वाजवलेल्या ताराही गुणगुणतात, म्हणून दोन्ही हातांनी त्या दाबून ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लागते.

खर्चात इलेक्ट्रिकला अ‍ॅम्प आणि केबल जोडा. घरासाठी 10 ते 15 वॉटचा अ‍ॅम्प पुरतो. हेडफोनची सोय असलेला घ्या, म्हणजे रात्री अकराला सरावही होतो आणि शेजारीही झोपतात. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) सुरुवातीला कमी ठेवा, नाहीतर जोराने आणि हळू छेडण्यातला फरक ऐकूच येत नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात अकूस्टिकचं लाकूड फुगतं, तारा उंचावतात. ती केसमध्ये सिलिका जेलसोबत ठेवा. तारा तर दोन्हींच्या गंजतात, वाजवून झाल्यावर पुसाव्याच लागतात.

नायलॉनच्या तारांची गिटार स्वस्त मिळाली तरी ब्लूजसाठी नको. मान रुंद, आणि तार कितीही ओढली तरी स्वर फारसा हलत नाही.

गाता गाता एकट्याने वाजवायचं असेल तर अकूस्टिक घ्या, न कचरता. सोलो वाजवायचे असतील, ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगसारखा एकच स्वर बोलता करायचा असेल, तर सरळ इलेक्ट्रिक. मन ठरत नसेल तरी आमचा कौल इलेक्ट्रिकलाच. दुकानात बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची 2 मिलिमीटरच्या आसपास आहे का बघा, मग पहिली तार बाराव्याच्या पुढे पूर्ण स्वर ओढा. स्वर मध्येच गुदमरला, तर पैसे देण्याआधी सेटअप (तारांच्या उंचीची जुळवणी) करून मागा.