आठ महिने व्हीसीडीवर जुने मराठी सिनेमे: लावणीतले पाय पुन्हा दिसायला लागले

मागच्या गणपतीनंतर मी एक जुना व्हीसीडी प्लेयर घेतला, म्हणजे सीडीवर साठवलेले सिनेमे टीव्हीवर दाखवणारं मशीन. आता आठ महिने झाले. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तो चालू असतो. आजच्या काळात व्हीसीडी घ्यावी का, असं कोणी मनापासून विचारलं तर नीट उत्तर देता यावं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घेण्याचं कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. वय ७९, आम्ही कोल्हापूरचे. तमाशापट त्यांचा जीव की प्राण. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. अण्णांनी तो पाहिला गावाकडच्या जत्रेत, तंबूत, जमिनीवर बसून. त्यांना असले सिनेमे घरी दाखवावेत म्हणून मी टीव्हीवर इंटरनेट लावून दिलं. पहिल्याच आठवड्यात एक लावणी चालू असताना ते म्हणाले, "आरं, हिचं पाय कुठं गेलं?"

मी नीट पाहिलं. खरंच पाय नव्हते. नाचणारीचा चेहरा होता, पदर होता, कमरेपर्यंतचं सगळं होतं. घुंगरांचा आवाज येत होता, पण घुंगरू चौकटीबाहेर. वर पाहिलं तर ढोलकीवाल्याच्या फेट्याचा तुराही कापलेला. त्या काळातले बहुतेक मराठी सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेत, रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद. कडेला काळे पट्टे दिसू नयेत म्हणून कुणीतरी ते चित्र ताणून मोठं करतं आणि वरचं-खालचं कापून टाकतं. हिशोब केला तर जवळजवळ पाव चित्र जातं. दुसऱ्या कुठल्या सिनेमात हे कदाचित खपून जाईल, पण लावणी पायांतच असते. कॅमेरामननं पाय चौकटीत घेतले होते ते उगाच नाही.

मग आठवलं, आपल्याकडे हे सिनेमे व्हीसीडीवर यायचे. व्हीसीडीची चौकट ४:३, म्हणजे १.३३. जुन्या सिनेमाचं चित्र तिच्यात जवळजवळ पुरं मावतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी हा उद्योग केला.

खर्च सांगतो. प्लेयर ६५० रुपये, जुन्या सामानाच्या दुकानातून. दुकानदारानं "एकदम ओके" म्हणून दिला आणि तिसऱ्या दिवशी तो डिस्क फिरवून 'नो डिस्क' दाखवायला लागला. परत करायला गेलो तर दाद नाही. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं आणि म्हणाला, "पिकअप दमलाय बघा, डिस्क वाचायचं भिंग. पुसून चार दिवस चालंल, पर बदलूनच टाका." नवा पिकअप आणि मजुरी मिळून ४५० गेले. त्यानंतर आजतागायत मशीनची तक्रार नाही. म्हणून सांगतो, जुना प्लेयर घेताना स्वतःची एक ओरखडे पडलेली डिस्क बरोबर न्या आणि अर्धा तास वाजवून बघा. दुकानदार लावतो ती त्याची चांगली डिस्क असते, ती दमलेला पिकअपही वाचतो. व्हीसीडीचाच प्लेयर हवा असंही नाही, बहुतेक डीव्हीडी प्लेयर व्हीसीडी चालवतात.

आता चित्र. आधी वाईट बाजू. १९९३ मध्ये हा प्रकार ठरला तेव्हा साध्या ऑडिओ सीडीवर, सीडीच्याच वेगानं, हलतं चित्र बसवायचं होतं. त्यामुळे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीच्या जेमतेम पाव, आणि फुल एचडीमध्ये याच्या वीसपट ठिपके. सेकंदाला मिळणारी माहितीही बेताची आणि ठरलेली. पडद्यावर थोडं हलत असेल तोवर ठीक. गुलाल उधळला, धुरळा उडाला, पाऊस पडला की त्याला सगळं सांभाळता येत नाही आणि चित्राच्या चौकड्या होतात. जत्रेच्या गर्दीत लांबचे चेहरे ओळखू येत नाहीत. घोड्यांच्या पाठलागाचे प्रसंग मला अजून त्रास देतात. जवळून घेतलेले चेहरे, घरातले संवाद, बैठकीची लावणी हे मात्र छान दिसतं.

पहिले दोन आठवडे मी हे सगळं आमच्या ४३ इंची एलईडीवर पाहिलं आणि पैसे वाया गेले असं वाटलं. एवढंसं चित्र एवढ्या काचेवर पसरलं की चौकडीन् चौकडी मोजता येते. शिवाय टीव्ही आपणहून चित्र रुंद करतो, बायका बुटक्या आणि चाकं लांबट दिसतात. ते रिमोटवरून ४:३ करून सुधारलं, पण मऊपणा आला नाही. शेवटी ५०० रुपयांना एक २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही उचलला. लाल-पांढरी-पिवळी वायर लावली आणि त्याच डिस्कचं चित्र छान दिसायला लागलं. ट्यूबवर ठिपक्यांच्या कडा एकमेकांत विरघळतात, काळा रंग काळा दिसतो, आणि आठ फुटांवरून चौकड्या फारशा जाणवत नाहीत. माझ्या मते व्हीसीडी घ्यायची तर ट्यूबचा टीव्ही ही अटच आहे. जागा नसेल तर या वाटेला जाऊ नका.

एक अडचण तिथेही आली. ट्यूबचे टीव्ही चित्राच्या कडा थोड्या चौकटीआड लपवतात, आणि ज्या पायांसाठी एवढं केलं त्यांची बोटं पुन्हा गायब. दुरुस्तीवाल्याला घरी बोलावून उभी साइज थोडी कमी करून घेतली. आता वर-खाली बारीक काळी पट्टी दिसते आणि पाय जमिनीवर टेकलेले दिसतात. हे काम त्याच्याकडूनच करवून घ्या. टीव्हीची पाठ स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत मोठा विद्युतभार राहतो. आणि चित्र कृष्णधवल आलं किंवा वर सरकत राहिलं तर टीव्ही बिघडलाय असं समजू नका, प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'पाल' (आपल्याकडच्या टीव्हीची चित्रपद्धत) निवडा.

आवाजाबद्दल मला अपेक्षा नव्हती, पण तो चित्रापेक्षा किती तरी उजवा आहे. ढोलकीची थाप आणि तुणतुण्याची तार वेगवेगळी ऐकू येते. अण्णांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, तरी त्यांना संवाद पुन्हा सांगावे लागत नाहीत.

डिस्क मिळवणं हे या सगळ्यातलं खरं काम. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा किराणा दुकानातही त्या टांगलेल्या दिसायच्या. आता त्या रद्दीवाल्यांकडे, बंद पडलेल्या सीडी लायब्ररीच्या उरलेल्या मालात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी सापडतात. मी २० रुपयांपासून ५० पर्यंत दिले, एका संचाला २००. आठ महिन्यांत ४१ सिनेमे आणि नऊ नाटकं जमली. नाटकांचा विचार मी केला नव्हता, पण मराठी नाटकांची व्हीसीडी हा मोठा खजिना आहे. रंगमंचाचं चित्र फारसं हलत नाही, त्यामुळे चौकड्याही पडत नाहीत. व्हीसीडीवर सगळ्यात चांगलं काय दिसतं, तर नाटक.

घेताना डिस्क उलटी करून पाहा. चंदेरी पाठ म्हणजे कारखान्यात छापलेली. निळसर किंवा हिरवट पाठ म्हणजे घरी कॉपी केलेली, तिचा रंग वर्षांनी विटतो आणि मग ती वाचली जात नाही. मग डिस्क उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं चमकली तर ती घेऊ नका, कारण चित्र साठवणारा चंदेरी थर छापील बाजूला असतो आणि तो उडाला की परत येत नाही. सगळे खालची बाजू जपतात आणि डिस्क छापील बाजूवर घासत ठेवतात. खालच्या बाजूला तर मिलिमीटरभराहून जाड प्लॅस्टिक आहे, तिथले बारीक ओरखडे निभावतात. पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत, साबणाच्या पाण्यानं भिजवलेल्या मऊ सुती कापडानं. गोल गोल पुसलं तर पडणारा ओरखडा माहितीच्या ओळीलाच समांतर जातो आणि सलग मोठा तुकडा निकामी होतो.

व्हीसीडी अडकते फार, त्यालाही कारण आहे. कॉम्प्युटरच्या सीडीत प्रत्येक तुकड्यात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करायची जादा सोय. व्हीसीडीत ती जादा सोय काढून २३२४ बाइट चित्र भरलं. जास्त मिनिटं मावली, पण ओरखडा सोसायची ताकद गेली.

तरीही एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटंच येतात, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर. डिस्क मध्यंतराला संपेल असं नाही, वाक्याच्या मध्येही तुटते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता पहिली डिस्क संपली की आई चहा टाकते आणि अण्णा पुढची गोष्ट सांगायला लागतात, कारण त्यांना ती पाठ आहे. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला त्याच दहा मिनिटांत सवाल-जबाब म्हणजे काय ते कळलं. ती पाहायला बसते याचं श्रेय मी मशीनला देत नाही, अण्णांनाच देतो. पण दुसरी डिस्क लावायचं काम तिनं स्वतःकडे घेतलंय.

राग अजून येतो तो जाहिरातींचा. काही कंपन्यांनी ऐन प्रसंगात पडद्याच्या खालून सरकती जाहिरात सोडलीय. नेमकी पायांवरून जाते. तशा तीन डिस्क मी बाजूला काढल्यात.

डिस्क शोधताना घरच्या कपाटात ताईच्या लग्नाची सीडी सापडली. २००४ ची, निळी पाठ. अर्ध्यातून पुढे चालेना. कॉम्प्युटरवर लावून त्यातली 'डॅट' फाइल, म्हणजे ज्यात चित्र साठवलेलं असतं ती, तीन प्रयत्नांत उतरवली, शेवटची काही मिनिटं गेलीच. त्या काळी फोटोग्राफर लग्नाचं शूटिंग अशाच सीडीवर द्यायचे, तुमच्याकडेही असेल. सिनेमाची डिस्क दुसरी मिळेल, ही मिळणार नाही. आजच उतरवून ठेवा.

डीव्हीडी का नाही, असं भावानं विचारलं. ज्या सिनेमांची डीव्हीडी मिळते ती मी जरूर घेतो, चित्र चौपट चांगलं असतं. पण मला हवे असलेल्यांपैकी निम्मे मला फक्त व्हीसीडीवर सापडले. हे सिनेमे मूळ फिल्मवरून नीट स्वच्छ होऊन, पूर्ण चौकटीसह घरी बघायला मिळाले तर मी हा सगळा पसारा आनंदानं आवरेन. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात आग लागून जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यानंतर तरी उरलेल्या प्रत्येक सिनेमाची पूर्ण, न कापलेली प्रत लोकांच्या हाती असावी असं मला फार वाटतं. तोवर २८८ ओळींचं का होईना, अख्खं चित्र मला हवंय.

ज्यांना बारकावे, रंग, मोठा पडदा हवा त्यांनी हे घेऊ नये. १९९० नंतरच्या रुंद पडद्याच्या सिनेमांसाठी तर नकोच, तिथे व्हीसीडीवर चित्र उलट दोन्ही बाजूंनी कापलेलं असतं, नाहीतर वर-खाली काळे पट्टे टाकून आणखी लहान केलेलं. घरात कुणी जुनं माणूस असेल, ट्यूबचा टीव्ही ठेवायला कोपरा असेल आणि बाजार हिंडायची तयारी असेल, तर साधारण दोन हजारांत, डिस्क सोडून, सगळं उभं राहतं.

सध्या एका तीन डिस्कच्या संचातली मधली डिस्क मिळत नाहीये. पहिली आणि तिसरी आहे, दोन्ही स्वच्छ. मधल्या भागात फडावरची मोठी लावणी आहे, अण्णा म्हणतात. येत्या रविवारी पहाटेच्या गाडीनं पुण्याला जाऊन जुना बाजार पुन्हा एकदा पालथा घालणार आहे. अण्णाही यायचं म्हणतायत.