आठ महिने वापरून: व्यवसायाच्या सोशल मीडिया पेजची लिंक कुठून आणि कशी द्यावी

वेबसाइट, ईमेलची सही, छापील कागद, गूगलवरची व्यवसायाची नोंद, यूट्यूब, व्हॉट्सॲप आणि एसएमएस. या सात ठिकाणांहून एकाच व्यवसायाच्या फेसबुक आणि इन्स्टाग्राम पेजकडे लोकांना पाठवणारी व्यवस्था आठ महिने चालवल्यानंतर हे लिहितो आहे. निकाल आधीच सांगतो. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सोशल मीडियाची मूळ लिंक न वाटता आपल्याच डोमेनवरचा छोटा पत्ता वाटण्याचा. सगळ्यात कमी उपयोग झाला तो वेबसाइटच्या तळाशी असलेल्या चिन्हांच्या रांगेचा, आणि बहुतेक जण नेमकी तीच रांग लावून थांबतात.

सुरुवात मूळ लिंकपासून, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. पेज सांभाळणारा माणूस स्वतःच्या लॉगिनमधूनच लिंक कॉपी करतो. लिंक्डइनवर अशा वेळी पत्त्याच्या शेवटी ‘ॲडमिन’ हा शब्द येतो, आणि ती लिंक बाहेरच्या माणसाच्या कामाची नसते. फेसबुकच्या व्यवस्थापन विभागातून उचललेल्या पत्त्याचंही तेच. मोबाइल ब्राउझरमधून घेतलेल्या फेसबुक पत्त्याच्या सुरुवातीला ‘एम’ असतो. तो काढून टाकावा. इन्स्टाग्राम ॲपच्या ‘शेअर’मधून घेतलेल्या लिंकला प्रश्नचिन्हानंतर ‘आयजीएसएच’ नावाची लांब शेपटी येते. ती शेअर करणाऱ्या खात्याशी जोडलेली असते आणि पेज उघडायला तिची गरज नसते. अशा प्रोफाइल लिंकमधलं प्रश्नचिन्ह आणि त्यापुढचं सगळं खोडायचं. फक्त फेसबुकच्या ‘प्रोफाइल डॉट पीएचपी’वाल्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतरचा आकडा हीच पेजची ओळख असते, म्हणून तिथे खोडण्याऐवजी आधी पेजला यूजरनेम घ्यावं.

लिंक तपासायची ती लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोत, आणि व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्याच्या फोनवर. फेसबुक पेजवर वयाची किंवा देशाची मर्यादा लावलेली असेल, तर लॉगिन न केलेल्या माणसाला ते पेज दिसतच नाही. मालकाला मात्र ते कायम व्यवस्थित दिसतं, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

यूजरनेममधला टिंब हीदेखील अशीच बारीक गोष्ट. फेसबुक टिंब मोजत नाही, टिंब असलेलं आणि नसलेलं नाव एकाच पेजवर जातं. इन्स्टाग्रामवर मात्र टिंब आणि अंडरस्कोअर दोन्ही मोजले जातात. छापताना टिंब गळला की ग्राहक भलत्याच माणसाच्या प्रोफाइलवर पोचतो. नाव अजून ठरायचं असेल तर टिंब-अंडरस्कोअर टाळाच. फोनवर नाव सांगताना ते किती जड जातं हे काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारा.

आता स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता. डोमेननंतर तिरकी रेघ आणि एखादा छोटा शब्द, उदाहरणार्थ ‘इन्स्टा’, इतकंच लोकांना द्यायचं, आणि तो पत्ता सर्व्हरवरून इन्स्टाग्रामकडे वळवायचा. अपाचे सर्व्हर असेल तर त्याच्या एचटीॲक्सेस नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ पुरते, वर्डप्रेस असेल तर रिडायरेक्टचं प्लगइन. वळवताना ३०२ हा तात्पुरता प्रकार वापरावा, ३०१ नको. ३०१ म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’. ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि पुढे तुम्ही लक्ष्य बदललं तरी जुन्या ग्राहकाचा ब्राउझर जुन्याच ठिकाणी जात राहू शकतो. आणखी एक काळजी घ्यावी. मध्ये एखादं पान उघडून जावास्क्रिप्टने पुढे ढकलणारा रिडायरेक्ट करू नये. तो बऱ्याचदा ॲप उघडत नाही, ब्राउझरमध्येच अडकतो, आणि समोर लॉगिनची खिडकी येते.

एवढा खटाटोप का, तर इन्स्टाग्रामचं यूजरनेम कधीतरी बदलतं. बदललं की जुना पत्ता नव्या पत्त्यावर नेईलच याचा भरवसा नाही, आणि सुटलेलं नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं. म्हणजे तुमच्या वेष्टनावर छापलेला क्यूआर परक्या माणसाच्या पेजची जाहिरात करू लागतो. डोमेन आपलं असेल तर एक ओळ बदलली की काम झालं. लिंक छोटी करून देणाऱ्या बाहेरच्या सेवांवर यासाठी विसंबू नये. गूगलसारख्या कंपनीनेही आपली ‘गू डॉट जीएल’ ही सेवा २०१८ पासून आवरायला घेतली आणि २०२५ मध्ये वापर नसलेल्या जुन्या लिंका बंद केल्या. गूगलच्याच फायरबेसची डायनॅमिक लिंक्स ही लिंक देणारी सेवाही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. छापलेला कागद त्यानंतरही लोकांच्या घरात असतो.

दुसरा फायदा मोजणीचा. सोशल पेजकडे जाणाऱ्या लिंकला यूटीएम (क्लिक कुठून आला ते सांगणारी शेपटी) जोडून बसणारे बरेच जण दिसतात. त्या कष्टाचा तिथे उपयोग नाही, कारण यूटीएम वाचणारं ॲनालिटिक्स तुमच्या वेबसाइटवर असतं, फेसबुकच्या पेजवर नसतं. यूटीएम उलट दिशेला लावा, म्हणजे सोशल पेजवरून वेबसाइटकडे येणाऱ्या लिंकवर. बाहेर जाणारे क्लिक मोजायचे तर दोन मार्ग आहेत. जीए४ म्हणजे गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये ‘एन्हान्स्ड मेझरमेंट’मधला बाहेरच्या क्लिकचा पर्याय चालू ठेवला की वेबसाइटवरचे क्लिक नोंदले जातात. आणि कागद, ईमेल, एसएमएस यांसाठी प्रत्येकाला वेगळा छोटा पत्ता द्यायचा: पत्रकाला एक, पावतीला दुसरा, सहीला तिसरा. मग सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत, कोण कुठून आलं ते कळतं. हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की प्रिव्ह्यूसाठी ती आपोआप उघडली जाते, आणि कंपन्यांच्या ईमेलमधले सुरक्षा स्कॅनरही लिंक उघडून पाहतात. लॉगमधून असे यांत्रिक क्लिक वेगळे काढले की आकडा बराच खाली येतो, पण खरा असतो.

थेट मूळ पत्ताच द्यायला हवा अशी दोन ठिकाणं आहेत. एक म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइलमधली सोशल मीडियाची जागा. तिथे प्रत्येक प्लॅटफॉर्मची एकच लिंक चालते आणि तीही त्या प्लॅटफॉर्मच्या ठरलेल्या रूपात. काही वेळा गूगल स्वतःहूनही इथे लिंक भरतं, म्हणून ती आपलीच आहे ना हे पाहून घ्या. दुसरं ठिकाण वेबसाइटच्या कोडमधली संस्थेची स्कीमा नोंद, म्हणजे शोधयंत्रासाठी ठरलेल्या साच्यात लिहिलेली माहिती. त्यातल्या ‘सेमॲज’मध्ये पेजचे मूळ पत्ते द्यायचे. ते वाचकांना दिसत नाहीत, पण ही पेजेस याच व्यवसायाची आहेत असं शोधयंत्राला त्यातून कळतं.

वेबसाइटवर लिंक कुठे द्यावी याबद्दल माझं मत या महिन्यांत पक्कं झालं. चिन्हांची रांग पानाच्या माथ्यावर नको. खरेदी करायला आलेल्या माणसाला दारातूनच बाहेरचा रस्ता दाखवण्यासारखं आहे ते. लिंक तिथे द्यावी जिथे माणसाचं काम संपलेलं असतं: ऑर्डर झाल्याचं पान, फॉर्म भरल्यानंतरचा आभाराचा मजकूर, लेखाचा शेवट. आणि नुसतं ‘आम्हाला फॉलो करा’ लिहिण्यापेक्षा तिथे काय मिळेल ते लिहावं. ‘नवीन माल आला की त्याच दिवशी फोटो इन्स्टाग्रामवर टाकतो’ ही ओळ चिन्हापेक्षा कितीतरी जास्त क्लिक आणते. अर्थात ती खरी असली पाहिजे. तीन महिन्यांपूर्वीची पोस्ट सगळ्यात वर असलेल्या पेजची लिंक देण्यापेक्षा न दिलेली बरी.

फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी, चिन्हं ठेवायचीच असतील तर बोट नीट पडेल इतकी मोठी ठेवा. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ निकषांत दुहेरी ए पातळीला किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. ४४ ठेवले तर अंगठ्याला चुकत नाहीत. प्रत्येक चिन्हाला एरिया-लेबल, म्हणजे कोडमधलं वाचून दाखवता येणारं नाव द्या, नाहीतर स्क्रीन रीडरवर (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकणाऱ्या माणसाला फक्त ‘लिंक, लिंक, लिंक’ ऐकू येतं. ट्विटरचं नाव जुलै २०२३ मध्ये एक्स झालं, तरी जुना पक्षी अजून असंख्य फूटरमध्ये बसलेला आहे. वेबसाइटकडे कुणी पाहत नाही, असा त्यातून अर्थ निघतो.

सोशल फीड वेबसाइटवर जसंच्या तसं बसवण्याचा प्रयोग महिनाभर चालवून काढून टाकला. फेसबुकचं पेज प्लगइन १८० ते ५०० पिक्सेल रुंदीतच बसतं, बाहेरच्या स्क्रिप्ट ओढतं, पान जड करतं, आणि ट्रॅकर अडवणाऱ्या ब्राउझरमध्ये नुसती पांढरी चौकट दिसते. तीन चांगले फोटो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून त्यांच्याखाली लिंक दिली तर तेच काम हलक्याने होतं.

छापील क्यूआरवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि फळही तिथेच मिळालं. क्यूआरमध्ये अक्षरं जितकी जास्त तितके चौकोन जास्त, आणि चौकोन जास्त म्हणजे प्रत्येक चौकोन बारीक. ‘एचटीटीपीएस’सकट २६ अक्षरांपर्यंतचा पत्ता एम पातळीच्या दुरुस्तीसह (ही पातळी काय ते पुढे सांगतो) २५ बाय २५ चौकोनांत मावतो. शेपटीसकटची ७० अक्षरांची लिंक दिली तर तेच ३७ बाय ३७ होतं. दोन सेंटिमीटरच्या क्यूआरमध्ये पहिल्याचा एक चौकोन ०.८ मिलिमीटरचा, तर दुसऱ्याचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. साध्या कागदावर शाई थोडी पसरतेच, त्यामुळे दुसरा क्यूआर वाचायला कॅमेरा अडखळतो. छोट्या पत्त्याचा हा तिसरा फायदा.

दुरुस्ती म्हणजे कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता येण्याची सोय. तिच्या चार पातळ्या असतात: एल, एम, क्यू आणि एच. अनुक्रमे साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. पावतीला आणि पत्रकाला एम पुरते. हाताळून चुरगळणाऱ्या किंवा घासल्या जाणाऱ्या वेष्टनाला क्यू घ्यावी. मध्ये लोगो टाकायचा मोह असेल तर एच, पण मग चौकोन वाढतात हे धरून आकार मोठा करा. चारही बाजूंनी चार चौकोनांएवढी मोकळी जागा लागते. डिझाइन करणारे नेमकी तीच खाऊन टाकतात, आणि कोड न चालण्याचं ते नेहमीचं कारण असतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कोड छान दिसतो, पण काही स्कॅनर तो वाचत नाहीत. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत पडला की तेच. आकाराचा ढोबळ नियम अंतराच्या दहाव्या भागाचा: एक मीटरवरून स्कॅन होणार असेल तर कोड दहा सेंटिमीटरचा हवा.

कोडखाली तोच पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत छापा. काही जण कोड स्कॅन करत नाहीत, काहींचा कॅमेरा खराब असतो, आणि कोडमागे काय आहे ते दिसलं की विश्वासही बसतो. छपाईला देण्याआधी अंतिम आकारात, अंतिम कागदावर एक प्रत काढून दोन वेगळ्या फोनवर तपासा. पडद्यावर तपासलेला कोड म्हणजे तपासलेला कोड नव्हे. ‘डायनॅमिक क्यूआर’, म्हणजे आधी स्वतःच्या पत्त्यावर नेऊन मग पुढे वळवणारा कोड, देणाऱ्या बाहेरच्या सेवा इथेही टाळाव्यात. वर्गणी संपली की छापलेला कोड मरतो.

ईमेलच्या सहीत चिन्हांऐवजी शब्द ठेवा. बऱ्याच ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, आणि चिन्हांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. एकच लिंक, एकच कारण. पाच लिंका दिल्या की एकीकडेही लक्ष जात नाही.

मराठीत एसएमएस पाठवत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं मावतात, इंग्रजी लिपीतली १६० नव्हेत, आणि त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७ च राहतात. २५ अक्षरांचा पत्ता म्हणजे संदेशाचा तिसरा हिस्सा गेला. अनोळखी लघुलिंक असलेला एसएमएस लोक फसवणूक समजून पुसतात. व्यवसायाच्या नावाचं डोमेन दिसलं की तो उघडला जाण्याची शक्यता वाढते.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलमध्ये वेबसाइटसाठी दोन जागा असतात. दुसरी सोशल पेजसाठी वापरा. स्वागत संदेशात मात्र लिंक नको. माणूस काहीतरी विचारायला आलेला असतो, त्याला आधी उत्तर द्या. व्यवहार पूर्ण झाल्यावरच्या संदेशात दिलेली लिंक जास्त उघडली जाते. लिंक टाकल्यावर प्रिव्ह्यू येईपर्यंत क्षणभर थांबा, मग पाठवा.

यूट्यूबवर लिंक वर्णनाच्या पहिल्या ओळीतच द्यावी, कारण बाकीचं ‘आणखी’मागे दडतं. शॉर्ट्सच्या वर्णनात आणि कमेंटमध्ये लिंक टाकून उपयोग नाही. ऑगस्ट २०२३ अखेरपासून तिथल्या लिंका क्लिक होत नाहीत.

एका सोशल पेजवरून दुसऱ्याकडे पाठवणं मला सगळ्यात निराशाजनक वाटलं. इन्स्टाग्रामच्या बायोत २०२३ पासून पाच लिंका देता येतात, पण समोर एकच दिसते, बाकीच्या टॅप केल्यावर. तिथून फेसबुकची लिंक उघडली की ती बऱ्याचदा इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते, जिथे माणूस फेसबुकला लॉगिन नसतो. त्याला पेजऐवजी पासवर्डची मागणी दिसते आणि तो परत फिरतो. बायोतली पहिली जागा वेबसाइटला किंवा ऑर्डरच्या पानाला द्या. कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक तर क्लिकच होत नाही.

दर महिन्याला एकदा सगळे छोटे पत्ते खाजगी विंडोत उघडून पाहायला दहा मिनिटं लागतात. कुठल्या कागदावर कोणता पत्ता छापला आहे याची एक वही किंवा शीट ठेवा, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख तिच्या पहिल्याच ओळीत लिहा. ती तारीख चुकली, तर वर सांगितलेला प्रत्येक पत्ता आणि छापलेला प्रत्येक क्यूआर एकाच दिवशी बंद पडेल.