घरी बनवायचा खिशातला लेझर पॉइंटर: लाल, हिरवा की जांभळा?

पहिल्यांदा पॉइंटर बनवायला बसलेला माणूस आधी विचारतो, 'किती मिलिवॅटचा घेऊ?' माझ्या मते आधी रंग ठरवावा. ठिपका किती ठळक दिसतो, हे डोळा त्या रंगाला किती दाद देतो यावर फार अवलंबून आहे. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून, नॅनोमीटरमध्ये सांगतात. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात तीक्ष्ण असतो. तेवढ्याच शक्तीचा ६३५ नॅनोमीटरचा लाल ठिपका ६५०च्या लालपेक्षा साधारण दुप्पट ठळक दिसतो. त्याच ६५०च्या तुलनेत ५२०चा हिरवा सहापटीहून जास्त आणि ५३२चा जवळजवळ आठपट. म्हणजे शक्ती न वाढवताही ठिपका उठून दिसू शकतो.

शक्तीची मर्यादा मी १ मिलिवॅट धरतो. आंतरराष्ट्रीय मानकात दृश्य प्रकाशाच्या सतत चालणाऱ्या लेझरसाठी वर्ग २ची तीच सीमा आहे. झोत चुकून डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते, या हिशोबावर ती ठरली आहे. मुद्दाम टक लावून पाहणाऱ्याला ती वाचवत नाही.

आता सुटा डायोड, म्हणजे लेझर प्रकाश देणारा नुसता भाग, घ्यावा की डायोड, भिंग आणि सर्किट एकत्र बसवलेलं तयार मॉड्यूल? सुट्या डायोडमध्ये शिकायला खूप मिळतं, हे खरं. पण अंगावरच्या स्थिर विजेनेही तो जातो. क्षणभर जास्त प्रवाह गेला तरी त्याचं प्रकाश सोडणारं टोक जळतं, आणि मग तो एखाद्या मंद एलईडीसारखा नुसता मिणमिणतो. माझा पहिला डायोड असाच गेला. त्याहून मोठी अडचण म्हणजे घरी शक्ती मोजायचं यंत्र नसतं. सुट्या डायोडमधून नेमका किती प्रकाश निघतोय, हे डोळ्यांनी कळत नाही. डीव्हीडी रायटरमधला लाल डायोड काढून वापरण्याचा मोह तर पूर्ण टाळा. तो शंभर मिलिवॅटच्या पुढे जाऊ शकतो. वर्ग २चं लेबल असलेलं मॉड्यूल, तेही खात्रीच्या विक्रेत्याकडून, हा माझा स्पष्ट कौल आहे. नळी, स्विच, सेलची जागा, जोडणी हे सगळं करायला हाताशी उरतंच.

लाल रंगाचं मोठं बळ म्हणजे कमी व्होल्टेज. डायोडवर सुमारे २.२ व्होल्ट पडतात, म्हणून दोन बारीक पेन्सिल सेलवर काम भागतं. पण मॉड्यूलच्या आत फक्त रेझिस्टर आहे की प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर, हे विकत घेण्याआधी विचारा. समजा, डायोडला ३० मिलिअँपियर हवेत. ३ व्होल्टवर रेझिस्टर साधारण २७ ओहमचा लागेल. सेल नवे असताना ३.२ व्होल्ट मिळाले तर प्रवाह ३७ होतो, आणि दोन्ही मिळून २.६वर आले की जेमतेम १५ उरतो. एवढ्यावर डायोडचा लेझर सुरूच होणार नाही, असं सहज होऊ शकतं. तीन सेल आणि ७७ ओहम घेतले तर हेच आकडे ३४ आणि २२ होतात. चढउतार कमी, पण नळी लांब. दोन सेलची आखूड नळी हवी असेल तर ड्रायव्हर असलेलं मॉड्यूलच बघा. आणि मॉड्यूलवर लिहिलेल्या व्होल्टेजपुढे जाऊ नका.

हिरव्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. ५३२ नॅनोमीटरच्या जातीत आधी ८०८चा अवरक्त डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४चा अवरक्त प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ करतो. शेवटी अवरक्त गाळणी नसेल तर न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने २०१० मध्ये असा एक स्वस्त पॉइंटर तपासला. हिरवा मंद होता, पण अवरक्त जवळजवळ २० मिलिवॅट निघाला. अवरक्ताला पापणी मिटत नाही. शिवाय थंडीत ही जात रुसते. घरच्या पॉइंटरसाठी ती मी घेणार नाही.

५२०ची जात म्हणजे थेट हिरवा डायोड. मधले स्फटिक नाहीत, अवरक्ताची भीती नाही. मात्र त्याला पाच व्होल्टच्या वर लागतात. एकाच लिथियम सेलवर चालवायचा तर व्होल्टेज चढवणारं सर्किट नळीत बसवावं लागतं, आणि सेलही लवकर उतरतो.

जांभळा, ४०५चा, दाखवण्याच्या कामाचा नाहीच. डोळ्याला तो फार मंद भासतो, म्हणून माणूस फसतो आणि जास्त शक्तीचा घेतो. पांढऱ्या कागदावर तो छान निळसर चमकतो, कारण कागदातली उजळवणारी रसायनं चकाकतात. चकाकणाऱ्या वस्तूंची हौस असेल तर तो वेगळा छंद समजा.

पहिल्या खेपेला ६३५चा लाल घ्या. बारीक नळी, साधी जोडणी आणि पुरेसा ठळक ठिपका. पॉइंटर उजेडातल्या खोलीत वापरायचा असेल आणि नळी थोडी जाड चालत असेल तर ५२०. स्विच कोणताही रंग असला तरी दाबून धरेपर्यंतच चालणारा बसवा. खिशात तो आपोआप चालू राहता कामा नये. भिंग फिरवून ठिपका जुळवाल तो जवळच्या टेबलावर नको, खोलीच्या लांबच्या मॅट भिंतीवर जुळवा. आरशावर किंवा चकचकीत पडद्यावर कधीच नको, झोत तुमच्याकडेच परत येतो. ठिपका नेमका बसला की भिंगाच्या आट्यांवर गोंदाचा एक थेंब टाका.