उरलेली टर्की: रस्सा, पुलाव की सुकं?

नाताळात, नाहीतर अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या लेकीच्या हौसेखातर, नाशिकमधल्या एखाद्या घरात अख्खी टर्की भाजली जाते. पक्षी चार-पाच किलोचा, खाणारी माणसं पाच-सहा. दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये निम्मं मांस आणि हाडांचा सांगाडा उरतोच. मग मतं पडतात. आजोबांना रस्सा हवा असतो, कुणाला पुलाव, मुलांना पावाबरोबर काहीतरी. माझं मत आधीच सांगते: घरच्या सगळ्यांचं जेवण म्हणून रस्सा पहिला. मात्र तुमच्याकडे छातीचं मांस उरलंय की तंगडी-मांडीचं, हे आधी बघा, कारण खरी निवड तिथेच होते.

छातीच्या मांसात चरबी अगदी कमी. ओव्हनमध्ये एकदा शिजलेलं हे मांस पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं उकळलं, की उरलंसुरलं पाणी सोडतं आणि त्याचा चोथा होतो. तंगडी-मांडीचं तसं नाही. त्यात चरबी आणि चिवट पडदे जास्त. मंद आचेवर ते पडदे विरघळतात आणि मांस मऊ पडतं. आपला हात मटणाच्या सवयीचा, सगळं एकत्र पातेल्यात टाकून रटरटत ठेवणारा. टर्कीला ती सवय नडते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवतानाच छाती एका डब्यात आणि तंगडी-मांडी दुसऱ्या डब्यात ठेवा.

रस्स्याला मी पहिला नंबर देते, त्यामागे चवीचं एक ठोस कारण आहे. भाजलेल्या टर्कीला दुसऱ्या दिवशी एक खवट, शिळकट वास येतो. तिच्या चरबीचा हवेशी लवकर संयोग होतो आणि मांसातलं लोह त्याला हातभार लावतं. मांस रस्स्यात बुडालेलं असलं की हवा कमी लागते. शिवाय लवंग, दालचिनीसारखे मसाले ही क्रिया मंद करतात. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या तुकड्यांना हा वास सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे तो पर्याय मी विचारातच घेत नाही.

कृतीत अर्धं काम हाडांचं. सांगाडा मोडून कुकरमध्ये बसवा, बुडेल इतकं पाणी, थोडं आलं आणि चार-पाच मिरे घाला. शिट्टी झाली की आच मंद करून अर्धा-पाऊण तास ठेवा. हे पाणी गाळलं की रस्स्याचा जीव तयार झाला. तोवर तीन कांदे थेट गॅसवर खरपूस भाजा, अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर तांबूस करा, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि कोथिंबिरीच्या काड्यांसकट बारीक वाटा. डिसेंबरात लासलगावकडून येणारा लाल कांदा ओला असतो, तो भाजायला वेळ लागतो. घाई केली तर रस्सा गोडसर आणि कच्चट लागतो. तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, दोन मोठे चमचे आपल्याकडचा काळा मसाला घाला, मग हाडांचं पाणी. तंगडी-मांडीचं मांस पंधरा मिनिटं उकळू द्या. छातीचे तुकडे शेवटी, खळखळत्या रस्स्यात, पाच-सहा मिनिटांपुरते. मीठही शेवटीच, कारण टर्की बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यात मुरवलेली असते. भाजताना लावलेल्या विलायती पाल्याचा वास काळ्या मसाल्याशी पटत नाही. साल काढून टाकलेली बरी.

एक काळजी मात्र घ्याच. टर्कीच्या तंगडीत लांब, हाडासारख्या टणक काड्या असतात. मुलांच्या ताटात जाण्याआधी बोटांनी चाचपून त्या सगळ्या काढा.

सोबत निफाडकडच्या थंडीला शोभेल अशी बाजरीची भाकरी, किंवा इगतपुरीकडच्या इंद्रायणीचा मऊ भात.

हीच इंद्रायणी पुलावाला मात्र घेऊ नका, चिकट होते. पुलावासाठी बासमती. दोन वाट्या तांदळाला साधारण साडेतीन वाट्या हाडांचं पाणी, हिवाळ्यातला कोवळा मटार, खडा मसाला. मांस आधीपासून भाताबरोबर शिजवायचं नाही. भात पाऊण शिजला की वरून पसरायचं आणि झाकण घालून वाफेवर गरम होऊ द्यायचं. पाहुणे असतील तर पुलाव सोयीचा, एका पातेल्यात काम होतं आणि थोड्या मांसात बरीच माणसं जेवतात. पण टर्कीची चव त्यात मागे पडते. आणि पुलाव उरला तर पंचाईत होते: शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवढा संपेल तेवढाच करा.

फक्त छातीचं मांस उरलं असेल तर माझा कौल बदलतो. तेव्हा सुकं करा. मांस हाताने रेषांच्या दिशेने उसवा; मिक्सरमध्ये घालू नका, लगदा होतो. कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण परतून टोमॅटो मऊ करा, अर्धा चमचा काळा मसाला, मग मांस आणि हाडांचं दोन-तीन पळ्या पाणी. सगळीकडून कडकडीत गरम झालं की उतरवा, वर लिंबू आणि कोथिंबीर. गरम पावाबरोबर मुलं हे आवडीने खातात. वेळ जेमतेम पंधरा मिनिटं, त्यामुळे कामावरून थकून आल्यावर रस्स्याचा घाट घालण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

काहीही करायचं ठरवलंत, तरी टर्की ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. पोटात मसाला-पाव भरला असेल तर तो वेगळा काढा. तीन-चार दिवसांत संपवा. रस्सा परत गरम करताना चांगली उकळी येऊ द्या आणि लागेल तेवढाच गरम करा. चार दिवसांत संपणार नाही असं दिसलं तर पहिल्याच दिवशी मांस थोड्या हाडांच्या पाण्यात बुडवून फ्रीझरमध्ये टाका; तसं ते कोरडं पडत नाही आणि दोन-तीन महिने चव टिकते. उरलेलं नुसतं पाणीही छोट्या डब्यांत गोठवा, जानेवारीतल्या मटारच्या उसळीत ते छान लागतं.